जेधे शकावली आणि घरोघरची तारीख : साधनप्रकाशनाविषयीं कांहीं विचार

ऐतिहासिक साधनांचा एखादा खंड छापून निघाला, सभासदांच्या हातीं पडला आणि विद्वानांच्या दोन-चार लेखांत त्याचा उल्लेख आला, म्हणजे प्रकाशनाचें कार्य तडीस गेलें असें आपण सामान्यतः धरून चालतों. त्या खंडांतील एखादी ओळ पुढें शाळेच्या फळ्यावर, भिंतीवरील दिनदर्शिकेंत, सरकारी सुट्ट्यांच्या यादींत आणि पेठेपेठेंतील मिरवणुकींत कशी जाऊन पोंचते, वाटेंत तिचें काय गळतें व तिला काय चिकटतें, हें पाहणें संशोधकाकडे नाहीं, तें वर्तमानपत्रकारांनीं व पाठ्यपुस्तककारांनीं पाहावें, अशी आपली समजूत असते. ही समजूत आम्हांस सदोष वाटते. साधनाचा जो अंश लोकांच्या नित्य व्यवहारांत उतरतो तो बहुधा संपादकानें पानावर जसा मांडला असेल तसाच उतरतो. संपादकानें जें अध्याहृत ठेविलें तें वाटेंत नाहींसें होतें. हें विधान एकाच दाखल्यावरून तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. तो दाखला म्हणजे कारीकर जेध्यांच्या शकावलींतील श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीची नोंद. मराठी साधनांतील दुसऱ्या कोणत्याही एका ओळीनें दप्तरांतून निघून घरोघरीं एवढा प्रवास केला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून प्रकाशनाचे गुण व दोष या एका ओळीच्या चरित्रांत जसे स्पष्ट दिसतात तसे अन्यत्र दिसत नाहींत.

ही शकावली छापली जाण्यापूर्वीं महाराजांच्या जन्मकाळाविषयीं जी माहिती चालत असे ती बखरींवरून व बखरींवर आधारलेल्या इतिहासांवरून आलेली होती. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींत व तिच्या वळणाच्या इतर लेखांत शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध पक्ष असा काळ मिळतो. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत १६२७ चा मे महिना दिला आहे. चिटणिसांची बखर महाराजांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं रचली गेली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिच्या आधाराचें बळ किती तें कळून येतें. १८७८ सालीं काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं पुण्यांत ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. १८९८ सालीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेंतील पहिला खंड निघाला. या उद्योगांनीं वाचकांचा विश्वास बखरीवरून अस्सल कागदाकडे वळविला. जन्मतिथीच्या प्रश्नाला मात्र अद्यापि बखरीचाच आधार होता. इकडे १८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हातीं घेतली व शिवोत्सव लोकांत रुजूं लागला. म्हणजे उत्सव आधीं आला व पुरावा मागाहून आला, हा क्रम पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेविला पाहिजे.

तो पुरावा भोरनजीकच्या रोहिडखोऱ्यांतील कारी या गांवच्या जेधे देशमुखांच्या घरीं होता. कान्होजी जेध्यांचें हें घराणें स्वराज्याच्या उद्योगांत आरंभापासून होतें. त्यांच्या दप्तरांतील शकावली टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तांत ती प्रसिद्ध झाली. राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं १९१० सालीं पुण्यांत स्थापिलेलें मंडळ तेव्हां अवघें सहा वर्षांचें होतें. शकावलीच्या नोंदी शके १५४० पासून शके १६१९ पर्यंत आहेत. त्या त्रोटक आहेत. अलंकार नाहीं, स्तुति नाहीं, निंदा नाहीं. शक, संवत्सर, मास, तिथि, पुष्कळ ठिकाणीं वार, आणि काय घडलें तें एका-दोन वाक्यांत. त्यांतच शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरीवर महाराजांचा जन्म, अशी नोंद आहे.

आतां या प्रकाशनाचा गुण पाहूं. टिळकांनीं जन्माची तेवढी ओळ उचलून वर्तमानपत्रांत दिली असती तर ती एका थोर पुरुषाची ग्वाही म्हणून मानली गेली असती, अथवा तशीच नाकारली गेली असती. त्यांनीं शकावली छापली. त्यामुळें त्या ओळीची परीक्षा करण्याचें साधन वाचकाच्या हातीं आलें. एखाद्या साक्षीदारानें दहा गोष्टी सांगितल्या व त्यांपैकीं नऊ दुसऱ्या मार्गांनीं पडताळून खऱ्या ठरल्या, तर दहाव्या गोष्टीला वजन येतें. शकावलींत अफजलखानाच्या वधाची नोंद शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार अशी आहे. गणित केलें असतां त्या तिथीस गुरुवारच येतो. जन्माच्या नोंदींतील तिथि, वार व नक्षत्र हीं तिन्ही अंगें एकमेकांशीं जुळतात. मागाहून कल्पनेनें बसविलेल्या तिथींत वार व नक्षत्र असें सहसा जुळत नाहीं. १८९३ सालीं ‘ओरायन’ लिहिणाऱ्या टिळकांस ज्योतिर्गणित अवगत होतें, व अशा शकावलीचें मोल कशांत आहे हें त्यांस नेमकें कळत होतें. संपूर्ण कागद छापणें ही केवळ संपादकीय शिस्त नाहीं. ती वाचकास दिलेली मोकळीक आहे, कीं आमच्या शब्दावर विसंबूं नका, स्वतः तपासा.

पुढील दहा-बारा वर्षांत या नोंदीस उत्तरोत्तर बळकटी येत गेली. १९२५ सालीं दत्तात्रेय विष्णु आपटे व सदाशिव महादेव दिवेकर यांनीं ‘शिवचरित्रप्रदीप’ काढला, त्यांत ही शकावली इतर साधनांच्या शेजारीं येऊन बसली. १९२७ सालीं दिवेकरांनीं कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ प्रसिद्ध केलें. तंजावराकडून उपलब्ध झालेल्या या संस्कृत काव्यांतही शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेसच जन्म सांगितला आहे. मावळांतील देशमुखाची शकावली आणि महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवीचें काव्य, हे दोन साक्षीदार एकमेकांपासून शेंकडों कोस दूर सांपडले व एकच तिथि सांगूं लागले. जोधपुराकडील संग्रहांतून मिळालेली कुंडलीही त्याच बाजूस पडली. त्याच १९२७ सालीं गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेल्या इंग्रजी स्मारकग्रंथांतून शकावलीचें भाषांतर मराठी न जाणणाऱ्या वाचकांसही मिळालें.

परंतु हा स्मारकग्रंथ ज्या निमित्तानें निघाला तें निमित्त कोणतें होतें? तें होतें शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचें, आणि तो उत्सव १६२७ हें जन्मवर्ष धरून १९२७ च्या मे महिन्यांत झाला. म्हणजे ज्या वर्षीं शके १५५१ चा दुसरा मोठा पुरावा छापून झाला, त्याच वर्षीं लोकांनीं शके १५४९ धरून तीनशें वर्षें पुरीं केलीं. आणि ज्या पुस्तकानें उत्सव साजरा केला त्याच्याच पोटांत उत्सवाचें वर्ष खोडणारी नोंद होती. हा विसंवाद कोणाच्या हट्टानें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. रूढ उत्सव एका संमेलनवृत्तानें हलत नसतो. आमचा प्रश्न निराळा आहे. अकरा वर्षांच्या अवधींत या नोंदीचा अर्थ, तिचें वजन व तिजविरुद्ध असलेल्या बखरींच्या पुराव्याचें दौर्बल्य एखाद्या शाळामास्तरास, पुराणिकास किंवा उत्सवमंडळाच्या चिटणिसास एका बैठकींत समजेल अशा रीतीनें त्याच्यापुढें कितीसें आलें? विद्वानांनीं विद्वानांसाठीं वाद केला. तो वाद आवश्यक होता व पुष्कळ अंशीं उत्तम झाला. पण संमेलनवृत्त सभासदांकडे जातें व स्मारकग्रंथ इंग्रजी जाणणाऱ्यांकडे. या दोहोंच्या मधला जो मोठा वाचकवर्ग, ज्याच्या दारावरून मिरवणूक जाते, त्याच्यासाठीं लिहिणें हें संपादकाच्या कर्तव्यांत मोडतें असें आपल्या परंपरेनें पुरतेपणीं मानलें नाहीं.

त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९६६ सालीं महाराष्ट्र शासनानें या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठीं इतिहासज्ञांची समिति नेमली. तिच्यांत एकमत झालें नाहीं व जुना परिपाठ तसाच चालू राहिला. अखेर एकविसाव्या शतकाच्या आरंभीं शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, व शिवजयंतीची सुट्टी १९ फेब्रुवारीस मिळूं लागली. कारीच्या दप्तरांतील ओळ छापून झाल्यास तोंवर ऐशींहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. आज शिवनेरीकडून व इतर गडांवरून ज्योत घेऊन धांवणारीं मुलें, शाळांतील भाषणें, बँकांचे बंद दरवाजे, हें सर्व त्या ओळीच्या सत्तेखालीं चालतें. साधनप्रकाशन व लोकव्यवहार यांचा संबंध दाखविण्यास याहून ठळक उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

येथवर ही कथा यशाची आहे. परंतु या यशांतच प्रकाशनाचा एक दोष उघडा पडला आहे, व त्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणिलें. शकावलींत १९ फेब्रुवारी नाहीं. शकावलींत फाल्गुन वद्य तृतीया आहे. १९ फेब्रुवारी ही संशोधकांनीं केलेल्या रूपांतराची तारीख आहे, आणि तें रूपांतर जुन्या, म्हणजे ज्यूलियन, गणनेचें आहे. आज घरोघरीं जी दिनदर्शिका टांगलेली असते ती नव्या, म्हणजे ग्रेगरियन, गणनेची असते. सतराव्या शतकांत या दोन गणनांत दहा दिवसांचें अंतर होतें. आजची गणना मागें नेली तर शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया १ मार्च १६३० या दिवशीं येते. वार दोहोंकडे शुक्रवारच, कारण दिवस एकच आहे. त्याला लाविलेलीं नांवें मात्र दोन आहेत. सुट्टी १९ फेब्रुवारीस. तिथि हल्लीं मार्च महिन्यांत, धुळवड व रंगपंचमी यांच्या मध्यें. आणि बेळगांवासारख्या ठिकाणीं वैशाखांतील परंपरागत शिवजयंतीस चित्ररथांची मिरवणूक. अशा तीन जयंत्या झाल्या. यांपैकीं वैशाखाची जयंती वेगळ्या पुराव्यावर उभी आहे, म्हणून तिचा मतभेद खरा मतभेद आहे. पण ‘तारखेची’ व ‘तिथीची’ या दोन जयंत्यांत पुराव्याचा लवमात्र भेद नाहीं. दोन्ही एकाच ओळींतून निघालेल्या आहेत. तरीही त्यांच्यावरून घरांत, मंडळांत व सभांत वाद होतात, एकमेकांच्या निष्ठेविषयीं शंका घेतल्या जातात, आणि ‘खरी जयंती कोणती’ असा प्रश्न लहान मूल विचारतें तेव्हां वडील माणसांस उत्तर देतां येत नाहीं.

हा घोटाळा कसा उत्पन्न झाला? पोर्तुगीजांनीं नवी गणना १५८२ सालींच स्वीकारली, त्यामुळें गोव्याकडील त्यांच्या पत्रांवर नव्या तारखा असतात. इंग्रजांनीं ती १७५२ सालीं स्वीकारली. त्या वर्षीं त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. म्हणून सुरतेच्या वखारींतील इंग्रजाचें पत्र व गोव्याच्या विजरईचें पत्र एकाच दिवशीं लिहिलें गेलें असलें तरी शिवकालांत त्यांच्या तारखांत दहा दिवसांचें अंतर दिसतें. मराठ्यांच्या इतिहासाचा पडताळा इंग्रजी वखारींच्या कागदांशीं घ्यावा लागे, त्यामुळें आमच्या संशोधकांनीं १७५२ पूर्वींच्या तिथींचें रूपांतर जुन्या गणनेंत करण्याची प्रथा धरली. विद्वानांच्या आपसांतील व्यवहारास ती सोयीची होती व आजही आहे. गंमत अशी कीं, त्या काळच्या इंग्रजांचें नवें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. तेव्हां सुरतेच्या एखाद्या इंग्रज कारकुनानें त्या शुक्रवारीं कागद लिहिला असता तर त्यावर १९ फेब्रुवारी १६२९ असें घातलें असतें. सारांश, ‘१९ फेब्रुवारी १६३०’ हा आंकडा जेध्यांनीं लिहिला नाहीं, इंग्रजांनींही तसा लिहिला नसता. तो संपादकांच्या मेजावर तयार झाला, व त्याच्यावर तो कोणत्या गणनेचा याची चिठ्ठी लाविली गेली नाहीं.

राज्याभिषेकाच्या दिवसाचीही हीच कथा आहे. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा सोहळा ६ जून १६७४ रोजीं धरला जातो. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील त्या वेळीं रायगडावर होता, व ६ जून ही त्याच्या जुन्या गणनेची तारीख आहे. नव्या गणनेनें तो दिवस १६ जून होतो. त्यांतही आणखी एक खोंच आहे. शकावलीप्रमाणें महाराज सिंहासनावर बसले ते तीन घटका रात्र उरली असतां. आमच्याकडे वार सूर्योदयापासून मोजतात, म्हणून शकावलींत शुक्रवार आहे. इंग्रजी वार मध्यरात्रीं बदलतो, म्हणून ६ जूनला शनिवार येतो. हें न जाणणारा वाचक दोन साधनांत विरोध आहे असें समजेल, व एकास खोटें ठरवील. जाणणारा वाचक दोन्ही साधनें एकमेकांस दुजोरा देतात असें म्हणेल. या दोन वाचकांत बुद्धीचें अंतर असेलच असें नाहीं. अंतर आहे तें एका तळटीपेचें.

आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा येथें आहे. मूळ कागदांतील सन शुहूर कीं फसली, हिजरी कीं राजशक, हें ठरविण्यासाठीं आमचा संपादक डोळ्यांत तेल घालून बसतो. शुहूर सनाचा मृगसाल कोणत्या दिवसापासून धरावा यावर तो पानेंच्या पानें खर्च करतो. आणि इतकी दक्षता घेतल्यावर तो जी इसवी तारीख स्वतः लिहितो ती कोणत्या गणनेची हें बहुधा सांगत नाहीं. दुसऱ्याच्या सनाविषयीं इतका चोखंदळ असलेला मनुष्य आपल्या सनाविषयीं निष्काळजी राहतो. विद्वानांस तें आपोआप कळतें, हें खरें. पण जो अंश आपोआप कळतो असें धरून चाललों तोच अंश लोकांपर्यंत पोंचला नाहीं. तारीख पोंचली, तिची गणना मागें राहिली.

यावर तीन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, उत्सव हा भावनेचा विषय आहे, गणिताचा नाहीं. दहा दिवसांनीं महाराजांच्या थोरवींत काय उणें-अधिक होतें? हें आम्हांस मान्य आहे. १९ फेब्रुवारी बदलून १ मार्च करावी असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उत्सवाचा दिवस ठरविणें हा समाजाचा व शासनाचा अधिकार आहे, आणि एकदां रुळलेला दिवस शब्दच्छलानें हलविणें इष्ट नाहीं. पण ज्या दोन दिवसांवरून लोक भांडतात ते एकाच दिवसाचे दोन उच्चार आहेत, हें त्यांस सांगणें भावनेच्या आड येत नाहीं. उलट भावनेवरचें एक अकारण ओझें त्यानें उतरतें. दुसरा आक्षेप असा कीं, साधनग्रंथ हे अभ्यासकांसाठीं असतात, त्यांत बालबोध टीपा घालूं लागल्यास ग्रंथ फुगेल. एक ओळीची सूचना प्रास्ताविकांत घातल्यानें व तारखेपुढें ‘जुनी’ किंवा ‘नवी’ हा एक शब्द लिहिल्यानें कोणता ग्रंथ फुगतो तें आम्हांस समजत नाहीं. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांसाठीं लिहूं लागलें म्हणजे संशोधक लोकांस रुचेल तें लिहूं लागतो, ही ती भीति होय. ती निराधार नाहीं. परंतु आम्ही जें मागतों तें रुचेल असें लिहिणें नाहीं. जें सिद्ध झालें तें किती सिद्ध झालें व कशावरून, हें स्पष्ट लिहिणें आहे. शके १५५१ च्या बाजूस किती साक्षी आहेत, त्या एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, शके १५४९ च्या बाजूस काय आहे व तें कां दुबळें पडतें, हें साध्या मराठींत दोन पानांत मांडतां येतें. असें मांडणारा संशोधक लोकानुनय करीत नाहीं. तो आपला हिशेब चारचौघांसमोर ठेवितो.

असा हिशेब ठेविला नाहीं म्हणजे काय होतें याचा कटु अनुभव पुण्यास आहे. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला व तेथील ग्रंथांची, पोथ्यांची व सामानाची नासधूस झाली. क्षोभाचें निमित्त दुसरीकडे छापलेलें एक पुस्तक होतें. हानि झाली ती पोथ्यांची. त्या कृत्याचें समर्थन कोणत्याही विचारी मनुष्यास करतां येणार नाहीं, व त्याचा दोष संशोधकांवर टाकणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या गांवांत संशोधनसंस्था शंभर-शंभर वर्षें उभ्या आहेत, त्या गांवांतील पुष्कळ लोकांस त्या भिंतींच्या आंत काय जपलें जातें व तें त्यांचेंच कसें आहे हें ठाऊक नसावें, ही गोष्ट आपण मनास लावून घेतली पाहिजे. आपल्या घरचें आहे असें ज्यास कळलें तो तें फोडावयास जात नाहीं.

‘घरचें’ हा शब्द आम्हीं अलंकार म्हणून योजिला नाहीं. जेधे शकावली घरचीच होती. मराठ्यांच्या इतिहासाचीं बहुतेक साधनें राजवाड्यांतून कमी व वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, देशमुख-कुळकर्ण्यांच्या रुमालांतून अधिक आलीं. घराण्यानें विश्वासानें कागद दिला, मंडळानें तो छापला, ग्रंथ दुसऱ्या विद्वानाकडे गेला. आणि त्या घराण्याच्या पुढच्या पिढीस आपल्या कागदांत काय निघालें याची वार्ता पुष्कळदां लागलीही नाहीं. असें झालें म्हणजे शेजारचें दुसरें घराणें आपला रुमाल सोडण्यास कां कचरतें, याचें उत्तर शोधावें लागत नाहीं. आणि ज्या संग्राहकांकडे असे रुमाल येऊन पडले आहेत त्यांनींही स्वतःस हाच प्रश्न विचारावा. कपाटांत सुरक्षित असलेला अप्रसिद्ध कागद वाळवीपासून वांचतो खरा, पण त्याची परीक्षा होत नाहीं, त्याला दुजोरा मिळत नाहीं, व तो कोणाच्याही जीवनांत उतरत नाहीं. जेध्यांची शकावली कारीसच राहिली असती तर ‘शिवभारत’ एकाकी पडलें असतें, व एका कवीच्या शब्दावर विसंबून कोणीही दिनदर्शिका बदलली नसती.

तेव्हां या दाखल्यावरून संपादकांसाठीं व संग्राहकांसाठीं जें निष्पन्न होतें तें थोडक्यांत सांगतों. कागद छापावयाचा तो संपूर्ण छापावा. सोयीची ओळ तोडून देऊं नये. मूळची तिथि, वार, सन जशीच्या तशी प्रथम द्यावी, रूपांतर तिच्या मागें द्यावें, व तें जुन्या गणनेचें कीं नव्या हें प्रत्येक ठिकाणीं, निदान ग्रंथारंभीं एकदां तरी, लिहावें. शिवकालासाठीं तर दोन्ही तारखा शेजारीं शेजारीं देण्याचा परिपाठ पडावा. नोंद प्रचलित समजुतीच्या विरुद्ध असेल तर त्या समजुतीचा आधार काय होता हेंही आदरपूर्वक सांगावें. ज्यांची समजूत मोडावयाची त्यांची थट्टा करून ती मोडत नाहीं. प्रत्येक खंडाबरोबर सामान्य वाचकासाठीं एक छोटें टिपण काढावें, आणि त्याची प्रत जेथून कागद आला त्या घरीं व त्या गांवच्या शाळेंत अवश्य पोंचती करावी. आणि रुमाल ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं निदान त्यांची याद तरी प्रसिद्ध करावी, म्हणजे कोणता कागद कोणत्या कागदास बोलावितो आहे तें इतरांस कळेल.

यांपैकीं कोणतीही गोष्ट खर्चाची नाहीं, कोणतीही विद्वत्तेस कमीपणा आणणारी नाहीं. येत्या वर्षीं जी संस्था शिवकालीन कागदांचा एखादा लहानसा संग्रह छापावयास घेईल तिनें प्रत्येक तारखेपुढें ‘जुनी’ अथवा ‘नवी’ एवढा शब्द घालून आरंभ करावा, अशी आमची विनंति आहे. तो शब्द दिनदर्शिकेच्या छापखान्यापर्यंत जाण्यास किती वर्षें लागतील तें लागोत. तो पानावरच नसेल तर मात्र तो कधींही जाणार नाहीं.